वाचकांचे प्रश्न : कॉइन घेतला, पण तो आहे कुणाकडे?

क्रिप्टोबद्दलचे, म्हणजे बिटकॉइनसारख्या डिजिटल कॉइनबद्दलचे प्रश्न पाठवा, असं गेल्या अंकात म्हटलं होतं. भाव कोसळेल का, ही धास्ती जवळपास प्रत्येक पत्रात आहे. आपले पैसे नेमके कुणाच्या हातात जातात, हे मात्र फार थोड्यांनी विचारलंय. आमच्या मते आधी तेच विचारायला हवं. म्हणून सुरुवात तिथूनच करतोय.

प्रश्न : अशोक चौकात आमची बारा जणींची भिशी आहे. त्यातल्या एकीचे दीर ‘कॉइन योजना’ चालवतात. 1 लाख भरले की दरमहा 8 हजार मिळतात, आणखी कुणाला आणलं तर 10 टक्के वेगळे. दोघींनी भरलेत, त्यांना चार महिने पैसे अगदी तारखेला मिळाले. आम्ही भरावेत का?

भरू नका. आणि ज्या दोघींनी भरलेत त्यांनी मुद्दल आजच परत मागावं.

बिटकॉइन दरमहा काही देत नाही. तो नुसता पडून असतो, भाव वर जातो किंवा खाली येतो, बस्स. इथेरियमसारख्या काही कॉइनवर ‘स्टेकिंग’ म्हणून, म्हणजे कॉइन अडकवून ठेवल्याबद्दल, थोडं मिळतं, तेही वर्षाला साधारण 3 टक्क्यांच्या घरात आणि कॉइनच्याच रूपात. मग महिन्याला 8 टक्के येतात कुठून? वहीवर हिशोब मांडा. 100 जणांनी 1-1 लाख भरले, 1 कोटी जमले. आणणाऱ्यांना 10 टक्के गेले, उरले 90 लाख. दरमहा सगळ्यांना मिळून 8 लाख वाटायचे. अकरा महिन्यांत 88 लाख वाटून होतात आणि बाराव्या महिन्याला तिजोरीत 2 लाख उरतात. एकही कॉइन न घेता, नवा माणूस न आणता ही योजना अकरा महिने तारखेला पैसे देऊ शकते. त्या दोघींना चार महिन्यांत मिळालेले 32 हजार हे त्यांच्याच लाखातले आहेत. तारखेला पैसे मिळाले याने कॉइन घेतल्याचं सिद्ध होत नाही.

हे आपल्याकडे आधी घडून गेलंय. ‘गेनबिटकॉइन’ योजनेत दरमहा 10 टक्के, तेही 18 महिने, असं आश्वासन होतं. 2018 मध्ये पुणे पोलिसांनी ती चालवणाऱ्याला अटक केली, पुढे तपास सीबीआयकडे गेला. आणि कॉइनच कशाला, 2022 च्या जानेवारीत बार्शीत उघड झालेलं फसवणुकीचं प्रकरण शेअर बाजाराच्या नावावरचं होतं. नाव बदलतं, महिन्याच्या हप्त्याचं आमिष तेच राहतं.

दिरांना तीनच गोष्टी विचारा. माझ्या लाखाचे कॉइन माझ्या नावाच्या, माझ्या पॅनवर उघडलेल्या खात्यात आहेत का? ते खातं मी माझ्या मोबाइलवर उघडून विकू शकते का? खरेदी झाली त्या व्यवहाराचा क्रमांक काय? ‘सगळ्यांचं मिळून एकाच वॉलेटमध्ये (कॉइनच्या डिजिटल पाकिटात) आहे’ असं उत्तर आलं, तर तुमच्या नावावर काहीच नाही.

परत मागताना तोंडी मागू नका. व्हॉट्सअ‍ॅपवर रक्कम, भरल्याची तारीख आणि ‘मुद्दल परत हवं’ असं स्पष्ट लिहा. यूपीआयच्या पावत्यांचे फोटो वेगळे ठेवा. रोख दिली असेल तर ती मिळाल्याचं त्यांच्याकडून मेसेजमध्ये लिहून घ्या. टाळाटाळ सुरू झाली की पोलिसांच्या आर्थिक गुन्हे शाखेत जा. ठेवीदारांच्या संरक्षणासाठी महाराष्ट्राचा 1999 चा एमपीआयडी कायदा आहे आणि बेकायदा ठेव योजनांवर बंदी घालणारा केंद्राचा 2019 चा कायदा आहे. या दुसऱ्या कायद्यात अशा योजनेत लोकांना पैसे भरायला लावणं हाही गुन्हा आहे. भिशीतल्या कुणी ताई ‘माझ्या भरवशावर भरा’ म्हणत असतील तर त्यांना हे जरूर सांगा. नातं तुटायच्या भीतीने आपण गप्प बसतो आणि पुढे पैसेही जातात, नातंही.

प्रश्न : क्रिप्टो भारतात कायदेशीर आहे की बेकायदा? बँकवाले एक सांगतात, मुलं दुसरंच. आणि रिझर्व्ह बँकेचा डिजिटल रुपया म्हणजे हेच का? (नवी पेठ)

विकत घेणं-विकणं गुन्हा नाही. पण ते चलन म्हणून मान्य नाही, म्हणजे कुणी बिटकॉइनने उधारी फेडतो म्हणाला तर तुम्ही ‘रुपयेच द्या’ म्हणू शकता. बँकवाल्यांच्या मनात एप्रिल 2018 चं परिपत्रक असतं. रिझर्व्ह बँकेने तेव्हा बँकांना क्रिप्टो व्यवहारांना सेवा देऊ नका असं सांगितलं होतं. 4 मार्च 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते रद्द केलं. 2022 पासून आयकर कायदा याला ‘आभासी डिजिटल मालमत्ता’ म्हणतो आणि त्यावर कर घेतो. मार्च 2023 पासून एक्सचेंजना, म्हणजे कॉइनची खरेदी-विक्री करून देणाऱ्या कंपन्यांना, मनी लाँडरिंगविरोधी नियम लागू झाले आणि एफआययू, म्हणजे केंद्राच्या आर्थिक गुप्तवार्ता विभागाकडे, नोंदणी सक्तीची झाली.

त्या नोंदणीचा अर्थ मात्र नीट लक्षात घ्या. संशयास्पद व्यवहार सरकारला कळवायची जबाबदारी एक्सचेंजवर आली, एवढंच. तुमच्या पैशांची हमी त्यात नाही. बँकेतल्या ठेवीला 5 लाखांपर्यंत विमा असतो, इथे तसं काही नाही. (जाता जाता : पतसंस्थेतल्या ठेवींनाही तो विमा नसतो. गल्लोगल्ली पतसंस्था असलेल्या आपल्या शहरात हे अनेकांना माहीत नसतं.)

डिजिटल रुपया ही अगदी वेगळी गोष्ट आहे. 1 डिसेंबर 2022 पासून त्याचा सर्वसामान्यांसाठी प्रयोग सुरू झाला. तो रिझर्व्ह बँकेचा, 1 रुपयाचा 1 रुपयाच राहणार. त्यात ‘गुंतवा, वाढेल’ असं कुणी म्हणालं की तो फसवतोय हे पक्कं.

प्रश्न : मी शिक्षक म्हणून निवृत्त झालो. फंडाचे पैसे बँकेत आहेत. मुलगा म्हणतो, थोडे बिटकॉइनमध्ये घाला. थोडे म्हणजे किती? आणि घ्यायचे ठरवले तर रीत काय? (जुळे सोलापूर)

फंडातून घालू नका, असं आमचं स्पष्ट मत. घरखर्च, औषधपाणी, मुलीचं लग्न यांची तजवीज झाल्यावर जे उरतं आणि ज्याचे पावपट झाले तरी झोप उडणार नाही, तेवढेच घाला. पावपट हा शब्द उगाच वापरलेला नाही. नोव्हेंबर 2021 मध्ये बिटकॉइन 69 हजार डॉलरच्या आसपास होता, वर्षभरात तो 16 हजारांच्या घरात आला. 1 लाखाचे 23 हजार. पुढे डिसेंबर 2024 मध्ये त्याने 1 लाख डॉलरचा टप्पा ओलांडला, हेही खरं. पण हे बिटकॉइनचं झालं. ‘लुना’ नावाचा कॉइन मे 2022 मध्ये काही दिवसांत जवळजवळ शून्यावर आला आणि परत उठला नाही. म्हणून ‘बिटकॉइन वर आला ना, मग माझाही येईल’ हा हिशोब दुसऱ्या कॉइनला लावू नका. ‘हा स्वस्त आहे, रुपयाला मिळतो’ यालाही अर्थ नाही. एका बिटकॉइनचे 10 कोटी भाग होतात, 500 रुपयांचाही तुकडा घेता येतो. स्वस्त दिसणारा कॉइन बहुधा अब्जावधींच्या संख्येने काढलेला असतो.

आता रीत. एक्सचेंजचं नाव एफआययूच्या नोंदणीकृत यादीत आहे का, ते आधी पाहा. अ‍ॅप कुणी पाठवलेल्या लिंकवरून घेऊ नका, कंपनीच्या वेबसाइटवरून प्ले स्टोअरला जा. पॅन, आधार, सेल्फी देऊन केवायसी होते. पैसे स्वतःच्याच बँक खात्यातून भरा. भरताना समोर कंपनीचं नाव दिसलं पाहिजे. एखाद्या माणसाचं किंवा कुठल्या ‘ट्रेडर्स’चं नाव दिसलं की तिथेच थांबा.

पहिल्यांदा फक्त 500 रुपये भरा आणि पूर्ण चक्कर मारा : घ्या, लगेच विका, पैसे बँकेत परत आणा. फी अर्धा टक्का धरली तर घेताना 2 रुपये 50 पैसे आणि त्यावर 18 टक्के जीएसटी, मिळून 2 रुपये 95 पैसे. विकताना साधारण तेवढेच. वर विक्रीच्या रकमेवर 1 टक्का टीडीएस, म्हणजे जवळपास 5 रुपये. भाव जागचा न हलता 500 चे 489 झाले. यापेक्षा बरेच कमी आले, तर खरेदीच्या आणि विक्रीच्या भावात अ‍ॅपने मोठी तफावत ठेवली आहे. ‘शून्य फी’ लिहिलेल्या अ‍ॅपमध्ये हीच गोम असते. आणि पैसे बँकेत यायला किती वेळ लागला, तेही टिपून ठेवा. मोठी रक्कम घालण्याआधी हे 11 रुपयांचं शिक्षण घ्यावंच.

लॉगिनला एसएमएसच्या ओटीपीऐवजी ऑथेंटिकेटर अ‍ॅप (फोनवरच कोड तयार करणारं अ‍ॅप) लावा. कारण कुणी तुमच्या नंबरचं दुसरं सिम काढलं तर एसएमएस त्याच्याकडे जातात. ऑथेंटिकेटर लावताना मिळणारे राखीव कोड कागदावर लिहून ठेवा. फोन हरवला तर त्यांच्यामुळेच आत जाता येतं.

घेतलेले कॉइन एक्सचेंजवर ठेवले की त्यांच्या किल्ल्या एक्सचेंजकडे असतात, तुमच्याकडे फक्त त्यांच्या वहीतली नोंद असते. जुलै 2024 मध्ये ‘वझीरएक्स’ या एक्सचेंजच्या वॉलेटमधून सुमारे 23 कोटी डॉलरचे कॉइन चोरीला गेले. ग्राहकांचे व्यवहार थांबले, प्रकरण सिंगापूरच्या न्यायालयात गेलं आणि व्यवहार पुन्हा सुरू व्हायला ऑक्टोबर 2025 उजाडला. मधले पंधरा महिने भाव वर गेला तरी विकता येईना. म्हणून रक्कम मोठी झाली तर स्वतःच्या हार्डवेअर वॉलेटचा, म्हणजे किल्ल्या आपल्याचकडे ठेवणाऱ्या छोट्या यंत्राचा, विचार करावा. पण त्याची जबाबदारी वेगळी, ती शेवटच्या प्रश्नात येते.

प्रश्न : गेल्या वर्षी एका कॉइनमध्ये 2 हजार फायदा झाला, दुसऱ्यात 2 हजार तोटा. हातात काहीच उरलं नाही. तरी कर कसा लागतो? मला दुसरं उत्पन्नही नाही. (सात रस्ता)

लागतो, आणि नवख्यांना इथेच धक्का बसतो. एका कॉइनचा तोटा दुसऱ्या कॉइनच्या फायद्यातून वजा करता येत नाही, पुढच्या वर्षीही नेता येत नाही. समजा दोन्ही कॉइन 10-10 हजारांना घेतले. पहिला 12 हजारांना विकला : फायदा 2 हजार, त्यावर 30 टक्के म्हणजे 600, आणि 4 टक्के सेसचे 24, एकूण 624 रुपये कर. दुसरा 8 हजारांना विकला : करात काहीही सूट नाही. टीडीएस पहिल्या विक्रीवर 120 आणि दुसरीवर 80, एकूण 200 कापून गेलेले असतात, ते जमा धरले जातात. उरलेले 424 भरायचे. दुसरं उत्पन्न नसलं तरी नेहमीची करमुक्त मर्यादा या फायद्याला लागू होत नाही. खर्च म्हणून खरेदीची किंमतच वजा होते, फी किंवा इंटरनेटचं बिल नाही.

रिटर्न आयटीआर-1 मध्ये चालत नाही. आयटीआर-2 किंवा 3 मध्ये ‘शेड्यूल व्हीडीए’ (आभासी डिजिटल मालमत्तेचा तक्ता) आहे, तिथे प्रत्येक व्यवहाराची खरेदीची तारीख, विक्रीची तारीख, खरेदी किंमत आणि विक्री किंमत भरावी लागते. वर्ष संपल्यावर एक्सचेंजवरून व्यवहारांची फाइल उतरवून घ्या. एक्सचेंज बंद पडलं तर ती मिळणं मुश्कील. एक कॉइन देऊन दुसरा घेतला तरी ती विक्रीच धरतात, हे अनेकजण विसरतात.

रोज घेणं-विकणं करणाऱ्यांसाठी आणखी एक हिशोब. प्रत्येक विक्रीला 1 टक्का जात राहिला, तर 30 विक्रींनंतर भांडवलातला 26 टक्के भाग टीडीएसमध्ये अडकतो. तो बुडत नाही, पण रिटर्न भरून परतावा येईपर्यंत हाती लागत नाही.

प्रश्न : टेलिग्रामवरच्या ग्रुपमधून बहिणीने एका अ‍ॅपवर 60 हजार भरले. अ‍ॅपमध्ये 2 लाख 40 हजार दिसतात. सुरुवातीला 2 हजार काढता आले होते. आता ‘30 टक्के टॅक्स आधी भरा, मग पैसे सुटतील’ म्हणतात. तिची अंगठी गहाण ठेवून भरायचा विचार आहे. (होटगी रोड)

अंगठी ठेवू नका. एक रुपयाही आणखी देऊ नका.

कर एक्सचेंजला आधी भरायचा नसतो, तो रिटर्नच्या वेळी सरकारला भरतात. टीडीएस असेल तर तो मिळणाऱ्या रकमेतूनच कापला जातो. ‘काढण्यासाठी आधी भरा’ हे वाक्य आलं की ते अ‍ॅप बनावट समजा. स्क्रीनवरचे 2 लाख 40 हजार हा त्यांनीच टाइप केलेला आकडा आहे. सुरुवातीचे 2 हजार विश्वास बसावा म्हणून दिलेले.

हे वाचताच 1930 वर फोन करा. तास जितके कमी गेले असतील तितकी रक्कम पुढच्या खात्यात अडवली जाण्याची शक्यता जास्त. फोनवर ज्या खात्यात किंवा यूपीआय आयडीवर पैसे गेले ते, रक्कम, वेळ आणि बँकेच्या मेसेजमधला व्यवहार क्रमांक लागतो, तो कागदावर समोर घेऊन बसा. मग राष्ट्रीय सायबर गुन्हे पोर्टलवर तक्रार पूर्ण करा, तक्रार क्रमांक बँकेलाही द्या. ग्रुपमधून बाहेर पडण्याआधी सगळ्या संभाषणाचे स्क्रीनशॉट घ्या. आणि नंतर ‘बुडालेले पैसे काढून देतो, आधी फी द्या’ म्हणणारे फोन येतील. ते बहुधा याच टोळ्यांचे असतात. बहिणीवर रागावू नका. घरचे बोलतील या भीतीने माणसं तक्रारच करत नाहीत आणि वेळ निघून जातो.

प्रश्न : अक्कलकोट रोडला आमचा टॉवेलचा कारखाना आहे, सहा माग बंद आहेत. त्या शेडमध्ये बिटकॉइन मायनिंगची, म्हणजे नवे बिटकॉइन मिळवणारी, यंत्रं लावली तर?

विजेचं बिल पाहा, उत्तर तिथेच आहे. मायनिंगचं एक मध्यम यंत्र साधारण 3,250 वॅट खातं आणि चोवीस तास चालतं. दिवसाला 78 युनिट, महिन्याला 2,340. युनिट 10 रुपये धरलं तर एका यंत्राचे महिन्याला 23,400. एप्रिल 2024 पासून दर ब्लॉकला (व्यवहारांच्या नोंदींच्या गठ्ठ्याला) 3.125 बिटकॉइनच नवे मिळतात, म्हणजे दिवसाला सुमारे 450, आणि ते जगभरच्या यंत्रांत वाटले जातात. त्यात तुमच्या एका यंत्राचा वाटा नगण्य असतो. शिवाय एप्रिल-मेमध्ये आपल्या पत्र्याच्या शेडमध्ये काय उकाडा होतो ते तुम्हाला सांगायला नको. तापली की ही यंत्रं वेग कमी करतात किंवा बंद पडतात. थंड ठेवायला आणखी वीज. आणि कराच्या हिशोबात ही वीज खर्च म्हणून वजा होत नाही.

सगळ्यात मोठा धोका वेगळाच आहे. यंत्रमागाच्या सवलतीची वीज दुसऱ्या कामाला वापरली, तर वीज कायद्याच्या कलम 126 खाली दुप्पट दराने आकारणी होते. मायनिंगचा नाद सोडा.

प्रश्न : एका अ‍ॅपवर माझे यूएसडीटी (डॉलरच्या भावाला बांधलेले कॉइन) थेट एका माणसाला विकले. त्याने 18 हजार पाठवले. आठ दिवसांनी बँकेने खातंच गोठवलं. माझा काय गुन्हा? (विजापूर रोड)

तुम्हाला आलेले 18 हजार बहुधा कुणाच्या तरी फसवणुकीतून निघालेले होते. त्या फसलेल्या माणसाने तक्रार केली, पैसा कुठकुठल्या खात्यांतून फिरला ते पोलिसांनी शोधलं आणि वाटेत तुमचं खातं लागलं. थेट व्यक्तीला विकण्यातला हा नेहमीचा धोका आहे. एक्सचेंजला विकलं की पैसे कंपनीच्या खात्यातून येतात.

बँकेला लेखी विचारा : संपूर्ण खातं गोठवलंय की फक्त 18 हजार अडवलेत, तक्रार क्रमांक काय, कुठल्या राज्यातलं पोलीस ठाणं. संपूर्ण खातं गोठवलं असेल तर वादातली रक्कम सोडून बाकीचं मोकळं करा, असा अर्ज त्या तपास अधिकाऱ्याला ईमेलने द्या. सोबत ऑर्डरचा क्रमांक, अ‍ॅपवरचं संभाषण, कॉइन पाठवल्याचा व्यवहार क्रमांक, तुमची केवायसी आणि बँक स्टेटमेंट जोडा. ‘पैसे सोडवून देतो’ म्हणणाऱ्या मध्यस्थाला भेटू नका.

कॉलेजातल्या मुलांसाठी इथेच एक सूचना : ‘तुझ्या खात्यात पैसे येतील, त्याचे यूएसडीटी घेऊन पाठव, 2 टक्के तुला’ असं काम कुणी दिलं तर ते नाकारा. यात तुम्ही फसलेला माणूस राहत नाही, आरोपींच्या यादीत जाता.

प्रश्न : पती गेल्या महिन्यात वारले. त्यांच्या डायरीत इंग्रजीत 24 शब्द ओळीने लिहिलेले सापडले. मुलगा म्हणतो, ही क्रिप्टोची किल्ली असते. एक ओळखीचा मुलगा ‘फोटो पाठवा, बघून सांगतो’ म्हणतोय. (शेळगी)

फोटो पाठवू नका, आणि काढला असेल तर फोनमधून आणि गुगल फोटोजमधूनही काढून टाका. ते 24 शब्द हीच पूर्ण किल्ली आहे. ज्याच्याकडे शब्द, त्याचे कॉइन. ना पासवर्ड लागतो, ना सही. हे शब्द 2,048 शब्दांच्या ठरावीक यादीतले असतात आणि त्यांचा क्रमही महत्त्वाचा असतो. म्हणून डायरीला हात लावण्याआधी हाताने, शाईने, क्रमांक घालून एक नक्कल करा, दोघांनी मिळून ताडून पाहा आणि नक्कल वेगळ्या जागी, शक्यतो बँकेच्या लॉकरमध्ये ठेवा.

मग पेनड्राइव्हसारखं दिसणारं एखादं छोटं यंत्र कपाटात, टेबलाच्या खणात आहे का ते शोधा. ते हार्डवेअर वॉलेट असू शकतं. त्यावर चुकीचा पिन पुन्हा पुन्हा टाकू नका. काही प्रयत्नांनंतर यंत्र आपोआप पुसलं जातं. शब्द हाताशी असले तर त्यानेही बिघडत नाही, नव्या यंत्रात तेच शब्द घालून सगळं परत मिळतं. नवं यंत्र थेट कंपनीकडून मागवा आणि शब्द त्या यंत्रावरच भरा. कुठल्याही वेबसाइटवर किंवा ‘सपोर्ट’वाल्याला ते सांगू नका.

पतींच्या ईमेलमध्ये एक्सचेंजची पत्रं, बँक स्टेटमेंटमध्ये एक्सचेंजला गेलेल्या रकमाही पाहा. एक्सचेंजवरचे कॉइन या शब्दांनी मिळत नाहीत. त्यासाठी कंपनीला मृत्यूचा दाखला, तुमची ओळखपत्रं आणि वारसाचे कागद द्यावे लागतात. रक्कम मोठी असेल तर ते दिवाणी न्यायालयाचं वारसा प्रमाणपत्र मागू शकतात. त्यांच्या लॉगिनने आत जाऊन स्वतःच पैसे काढू नका, इतर वारसांशी वाद झाला तर तेच अंगलट येतं. खरेदीच्या तारखा आणि किंमती मात्र आत्ताच उतरवून ठेवा. तुम्ही पुढे विकाल तेव्हा फायदा मोजायला पतींनी दिलेली किंमतच लागेल.